पोटासाठी धरलेला मासा

अलास्काच्या खेड्यात सॅमन मासा सुकवून ठेवला नाही, तर हिवाळा काढायचा कसा? म्हणून १९७८ साली तेथील विधिमंडळाने ठरविले: मासे वा शिकार कमी पडली, तर पहिला हक्क पोटासाठी धरणाऱ्याचा, व्यापारी अन् हौशी मागाहून. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने केंद्राच्या जमिनींवर हा अग्रहक्क ग्रामीण रहिवाशांना दिला. १९८६ मध्ये राज्यानेही तीच अट घातली. पण राज्यघटना म्हणे, ही संपत्ती सर्वांची! १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. घटनादुरुस्तीसाठी दोनतृतीयांश मते काही जुळेनात. अखेर केंद्राच्या जमिनींवरील शिकारीचा कारभार १९९० मध्ये, तर मासेमारीचा १९९९ मध्ये वॉशिंग्टनकडे गेला. हक्क सर्वांचा सारखा म्हणावा, तर भूक कुठे सर्वांची सारखी असते?