नारायण दरवाजा

इ. स. १७३२ मध्यें पुऱ्या झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्यांत ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. रामशास्त्री प्रभुण्यांनीं रघुनाथरावांस दोषी ठरविलें. तथापि या कृत्यामुळें वाडा ओस पडला नाहीं. मृताचे पुत्र सवाई माधवराव पुढें तेथेंच नांदले व १७९५ मध्यें तेथेंच उंचावरून पडून निवर्तले. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनीं विश्रामबागवाडा बांधून तेथें वास्तव्य केलें. परंतु १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं इंग्रजांचें निशाण चढलें तें शनिवारवाड्यावरच.

१८२८ च्या आगींत आंतील इमारती भस्म झाल्या. आज त्यांचीं जोतीं मात्र दिसतात. तट व दरवाजे राहिले. त्यांपैकीं एकांतून नारायणरावांचें शव बाहेर नेलें, म्हणून तो नारायण दरवाजा, असें परंपरा सांगते.

सत्तेनें ही वास्तु सोडली नाहीं, अग्नीनें ती ठेविली नाहीं; वधाची खूण उरली ती एका नांवांत. यास्तव जुन्या वाड्यांच्या दारांचीं, चौकांचीं व बोळांचीं नांवें जाणत्यांच्या तोंडून वेळींच टिपून घेणें, हें दप्तरें जुळविण्याइतकेंच अगत्याचें कार्य होय. वास्तु पडल्यावर जोतें तरी राहतें. विसरलेल्या नांवाचें तेंहि राहत नाहीं.