पाण्याने मोजलेली जमीन

चांद्याचा मुलूख म्हटला की वाचकांना वाघ नि सागवान आठवते. मला आठवतात ते तिथले तलाव. १९८२ साली या जिल्ह्यातून गडचिरोली निराळा झाला, पण तलावांची कथा दोघांची एकच.

पाऊस तिथे उदंड. मात्र तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि उतार धरून वर्धा-वैनगंगेला मिळतो. धानाला तर आश्विनात, लोंबी भरताना, आणखी एक पाणी हवे असते. म्हणून उताराला आडवी मातीची पाळ घालायची आणि श्रावणाचे पाणी आश्विनापर्यंत थोपवायचे. तलाव म्हणजे एवढेच.

गोंड राजा हीरशहा याने म्हणे असा हुकूम काढला होता की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम! बक्षिसाचे माप राजाने आपल्या मर्जीवर न ठेवता पाण्यावर सोपवले. या कामात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुढे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. मालगुजारी गेली याचे दुःख कोण करील? पण पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी उपसायचा, हे गावागावांत अनुत्तरित राहिले. गाळ चढेल तेवढे पाणी कमी मावते; आणि हीरशहाच्या मापाने पाहिले, तर तेवढी जमीनही उणी होते.