हुतूतूचे नियम आणि अमरावतीचे मास्तर

पॅडेल नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी गोंधळात टाकते ती भिंत. मैदान वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, मधोमध नेट, पाठीमागे काचेची भिंत, बाजूंना थोडी काच आणि पुढे तारेची जाळी. दोघे विरुद्ध दोघे खेळायचं. गुण टेनिससारखेच पंधरा, तीस, चाळीस असे मोजायचे, त्यामुळे निम्मा खेळ ओळखीचा वाटतो. मग सर्व्हिसची वेळ येते. चेंडूला आधी जमिनीवर टप्पा द्यायचा, मग तो कमरेच्या वर न जाता मारायचा आणि समोरच्या तिरक्या चौकटीत टाकायचा. तिथे टप्पा पडून चेंडू काचेवर गेला तर सर्व्हिस बरोबर, तारेच्या जाळीवर गेला तर फॉल्ट. पुढे खेळ चालू असताना मात्र टप्प्यानंतर चेंडू काचेवर जावो की जाळीवर, तो जिवंतच असतो. टप्पा न घेता समोरच्यांच्या भिंतीवर थेट आदळला, की मारणाऱ्याचा गुण गेला.

हा खेळ १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे जन्मला. एन्रिके कोर्कुएरा यांच्या घराच्या आवारात टेनिसचं पूर्ण मैदान मावेना, भोवती भिंती होत्या, तेव्हा त्यांनी भिंतींनाच खेळात घेतलं. पॅडेल पुढे मार्बेयामार्गे स्पेनमध्ये आणि तिथून जगभर गेलं. आता भारतातल्या मोठ्या शहरांतही त्याची काचेची मैदानं दिसू लागली आहेत, आणि जिथे मैदान तयार होतं तिथे नियमपुस्तिका आणि प्रशिक्षक दोन्ही हजर असतात.

खेळ असा शिकवायचा असतो, त्याला लिहिलेले नियम लागतात आणि ते नियम नवख्याच्या अंगात उतरवणारा माणूस लागतो, ही जाण वऱ्हाडात मात्र पॅडेलच्या कितीतरी आधीची आहे. तिचं ठिकाण अमरावती, आणि तिचा खेळ हुतूतू.

खेळाबरोबर नियमांचं पुस्तक विकण्याची कल्पना विलायतेतली. वॉल्टर विंगफील्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि रॅकेट, चेंडू, नेट, नियमांची पुस्तिका असं सगळं एका खोक्यात घालून विकायला काढलं. त्याच दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी बॅडमिंटनचे नियम लिहीत होते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली होती, आणि कापसाच्या पैशाने अमरावती, अकोला, खामगाव ही गावं भरभराटीला आली होती. साहेबाचे खेळ नियम घेऊनच आले. ते कुणाशीही खेळता येत, कारण मुंबईतलं कोर्ट आणि नागपुरातलं कोर्ट एकाच मापाचं.

हुतूतूचं तसं नव्हतं. खेळ गावोगाव होता, पण गावागणिक वेगळा. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडुडू, तमिळ मुलुखात चडुगुडू. आणि फरक नुसत्या नावाचा नव्हता. बाद झालेल्या गड्याचं करायचं काय, या एका प्रश्नावरून तीन वेगळे खेळ तयार झाले होते. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बसलेला गडी उठून परत मैदानात येई. गामिनीत बाद झालेला बाहेरच राही, सगळा संघ संपेपर्यंत. सगळे संपले की एक गुण, आणि असे ठरलेले गुण होईपर्यंत खेळ. वेळेचं बंधनच नाही. अमर प्रकारात बाहेर जायचंच नसे. गडी मारला की समोरच्यांना गुण मिळे आणि मारलेला गडी तिथेच खेळत राही.

दोन गावांचे संघ समोरासमोर आले की काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते. एका संघाचा बलदंड पकडीचा गडी पहिल्याच चढाईत मेला, तर संजीवनीत तो थोड्या वेळाने परत येणार आणि गामिनीत डाव संपेपर्यंत बसून राहणार. ज्याला जे सोयीचं तो तेच खरं म्हणणार. दम तुटला की नाही, मधली रेषा शिवली की नाही, हे वाद वेगळेच. रडीचा डाव म्हणून जो शब्द मराठीत रुळला आहे, त्याला अशा मैदानांवर पुरेपूर काम असे.

हे वाद मिटवायचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत झालं, आणि ते मुख्यतः मराठी माणसांनी केलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धांत १९२३ मध्ये हुतूतू ठरीव नियमांनी खेळला गेला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांच्या पुस्तिका काढल्या. बडोद्यातच द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्यातला पहिला १९३६ चा. देशी खेळाला आणि व्यायामाला ग्रंथाचा मान देणारं एवढं मोठं काम दुसऱ्या भारतीय भाषेत सहसा सापडणार नाही.

अमरावतीने वेगळी वाट धरली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिथे एक आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. अमरावतीकर आजही त्याला 'हव्याप्र' म्हणतात. नावातला 'प्रसारक' हा शब्द मंडळाने मनावर घेतलेला दिसतो. आखाडे त्या काळी गावोगाव होते. उस्ताद असे, पठ्ठे असत, आणि विद्या त्या तांबड्या मातीतच राहत असे. अमरावतीच्या मंडळाने १९२४ मध्ये उन्हाळी वर्ग सुरू केला तो व्यायाम शिकवणारे तयार करण्यासाठी. उन्हाळाच का, याचं उत्तर सोपं आहे: शाळा बंद असतात आणि मास्तर मोकळे असतात. वऱ्हाडातला उन्हाळा काय असतो हे ज्याने भोगलंय त्याला कळेल की वैशाखात अमरावतीला मैदानी वर्ग भरवणं म्हणजे पहाट आणि संध्याकाळ एवढ्यावरच दिवस उभा करणं.

याच सुमारास मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज चालू होतं. हॅरी क्रो बक यांनी ते १९२० मध्ये काढलं, आणि व्हॉलीबॉल, बास्केटबॉलसारखे खेळ भारतीय शाळांत रुजवण्यात वायएमसीएचा मोठा वाटा आहे. बक यांनी खेळांच्या नियमांचं पुस्तकही लिहिलं. मद्रासमधून नवे खेळ आले. अमरावतीने गावचे खेळ शिकवण्याजोगे केले. दुसरं काम जास्त अवघड होतं. व्हॉलीबॉल शिकणाऱ्या पोराला आधीचं काही विसरावं लागत नाही. हुतूतू शिकायला आलेला मास्तर मात्र लहानपणापासून आपल्या गावच्या पद्धतीने खेळत आलेला असे. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य त्याच्या ओठांवर तयारच असणार.

अशा माणसाला नियम शिकवायचा तर तो आखून दाखवावा लागतो. काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते, म्हणून मैदानाला मुरूम हवा. मग दोरी लावून फक्कीने रेषा मारायच्या. आजच्या मापाने पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडली नाही, कुणाला शिवलाही नाही, आणि तसाच परत आला, तर तो स्वतःच बाद. म्हणजे नुसतं मध्यरेषेवर घुटमळून दम वाचवण्याची सोय नाही. हा एक नियम कळला की नवख्याला सगळा खेळ उलगडतो: इथे आत जावंच लागतं. दोन्ही बाजूंच्या मीटरभर रुंद पट्ट्यांचंही तसंच. झटापट होईपर्यंत त्या पट्ट्या मैदानाबाहेर. गडी एकमेकांना भिडले की मैदानात. पॅडेलमधली काच जशी टप्पा पडल्यावरच खेळात येते, तशीच ही पट्टी स्पर्श झाल्यावरच.

१९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं. ध्यानचंदांच्या हॉकी संघाचं सुवर्णपदक सगळ्यांना आठवतं. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही होतं, आणि त्याने तिथे हुतूतूची आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातल्या पोरांनी परक्या प्रेक्षकांसमोर दम धरून चढाई केली, ही गोष्ट आपल्या क्रीडा-इतिहासात एका ओळीत उरकली जाते. तिला जास्त जागा मिळायला हवी. प्रेक्षकाला भाषा कळत नसताना खेळ कळायचा तर रेषा, बाद, गुण हे सगळं स्पष्टच असावं लागतं. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडमध्येही, स्वीडिश व्यायामशास्त्रज्ञ लिंग यांच्या स्मरणार्थ भरलेल्या त्या मेळाव्यातही, मंडळाचं पथक गेलं होतं.

तिकडे खेळाची मान्यता वाढत होती. १९३८ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या राष्ट्रीय स्पर्धांत हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. तीन प्रकारांतला संजीवनी टिकला, पण वेळेच्या चौकटीत बसवून. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला.

वऱ्हाडात हे सगळं झिरपलं ते शाळांमधून. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या शाळा-कॉलेजांचं जाळं अमरावती, अकोल्यापासून खेड्यापाड्यांत पसरलं. शेतकऱ्याचं पोर शाळेत आलं की पी.टी.च्या तासाला त्याच्या ओळखीचाच खेळ त्याला भेटे. फक्त आता शिट्टी होती, सात गडी होते, आणि बाद म्हणजे बाद होता. गल्लीत जो थोरला असेल त्याचं खरं ठरे. शाळेच्या मैदानावर पंचाचं. जातीने, जमिनीने, घराण्याने मोठा असलेला पोरगाही पंचाने हात वर केला की रेषेबाहेर जाऊन बसे. वऱ्हाडातल्या खेड्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

खो-खोचं तेच झालं. पाटीवर उकिडवे बसलेले आठ गडी, एकाआड एक तोंडं विरुद्ध दिशांना, पाठलाग करणाऱ्याने दोन बसलेल्यांच्या मधून जायचं नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलायची नाही. नवख्याला ही बंधनं जाचक वाटतात. दोन दिवस खेळला की कळतं, खो-खोचा सगळा वेग या बंधनांमुळेच आहे.

आट्यापाट्यांना मात्र हे भाग्य कमी लाभलं. समांतर पाट्या, त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी, प्रत्येक पाटीवर अडवणारा एक गडी आणि सूरपाटीवर लांबवर धावणारा सूर. पळणाऱ्याने सगळ्या पाट्या ओलांडून जायचं आणि परत यायचं. पाटीवरचा एक आणि सूर मिळून गड्याला चौकटीत कोंडतात, तेव्हा हूल देऊन ती कोंडी फोडणं हे बघण्यासारखं असतं. याचेही नियम पुण्यात लिहिले गेले, आणि विदर्भात हा खेळ आजही जोमात खेळला जातो. पण त्याला ना मॅट मिळाली, ना दूरदर्शनवरची संध्याकाळ. अमरावती-अकोल्याच्या शाळांत मैदानं आहेत, मुरूम आहे, फक्की आहे, आणि शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले शिक्षकही याच शहरांत तयार होतात. पाट्या आखायला अर्धा तास पुरतो. सातवी-आठवीच्या पोरांना आणि पोरींना हा खेळ या हिवाळ्यातच रीतसर शिकवायला घ्यावा.