दोष बॅटरीचाच का?

मंडळी, सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे निकाल आधीच ठरलेला असतो. "बॅटरी गेली!" शेजारी तेच सांगतो, वॉचमन तेच सांगतो, गॅरेजवालाही तेच सांगतो. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते, सगळे खूश. आणि आठ-दहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार.

मी बी.ए. मराठी माध्यमातून केले आणि आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे यंत्रांवर बोलण्याचा माझा अधिकार तसा बेताचाच. पण वर्गात एक प्रश्न मी दरवर्षी घालत असे : "1857 च्या उठावाचे तात्कालिक कारण कोणते आणि मूळ कारणे कोणती?" काडतुसे हे झाले तात्कालिक कारण. तेवढेच लिहून थांबणाऱ्या मुलाला मी अर्धेच गुण देई. गाडीच्या बाबतीत आपण सगळेच काडतुसांवर थांबतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणून आज थोडा बॅटरीचा इतिहास.

शिसे आणि आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, गुंडाळी करून सौम्य गंधकाम्लात बुडवलेली. 1881 मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरीत वीज जास्त मावू लागली. आपल्या बॉनेटखाली आज जी बॅटरी असते ती या दोघांचीच नात किंवा पणती.

पण सुरुवातीच्या पेट्रोल गाड्यांचे बॅटरीवाचून फारसे अडत नसे. गाडी सुरू व्हायची ती हँडल मारून! समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालायचे आणि जोर लावून फिरवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, असे नवशिक्याला बजावून सांगत, ते उगाच नाही. त्यामुळेच शहरांतल्या अनेक बायका तेव्हा विजेवर चालणारी मोटार पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवत!

हे चित्र बदलले चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. (सांगायला आनंद वाटतो की हे गृहस्थ आधी ओहायोत शाळामास्तर होते.) दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्यासाठी त्यांनी एक छोटी मोटर बनवली होती. क्षणभरच चालायची, पण जोरकस. तोच विचार त्यांनी मोटारगाडीला लावला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला. आपण "सेल्फ मारला" म्हणतो तो सेल्फ हाच. केटरिंग यांच्या योजनेत तेच यंत्र इंजिन सुरू झाल्यावर उलट काम करी, म्हणजे वीज तयार करून बॅटरीत परत भरी.

माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. 1912 नंतर बॅटरी एकटी राहिली नाही, तिला जोडीदार मिळाला. बॅटरी म्हणजे रांजण आणि डायनॅमो म्हणजे त्यात पाणी भरणारा. रांजण रिकामा दिसला तर तो फुटला असेल, किंवा भरणारा आला नसेल, किंवा कोणी रात्रभर तोटी उघडी ठेवली असेल. तीन शक्यता, आणि आपण दोष देतो फक्त रांजणाला!

डायनॅमोची एक खोड होती. इंजिन मंद चालू असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नसे. आपल्या जुन्या फियाट आणि अॅम्बॅसिडर गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांना आठवत असेल, सिग्नलला उभे राहिले की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि वेग घेतला की विझायचा. कोणी त्याची चिंता करीत नसे. पुढे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि अल्टरनेटर आला. तो मंद वेगातही वीज देतो. क्रायस्लर कंपनीने 1960 च्या व्हॅलियंट गाडीत तो दिला. आपल्याकडे डायनॅमो आणखी बरीच वर्षे रेंगाळला. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली ती मात्र अल्टरनेटर घेऊनच.

यंत्र बदलले, पण सवयी बदलल्या नाहीत. लाल दिवा लुकलुकणे तेव्हा चालून जाई, आज तो इशारा आहे. दुसरी सवय तर घातकच. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर बिघाड! जुन्या गाडीत नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग नव्हते म्हणून हे बहुधा निभावून जाई. अल्टरनेटरच्या गाडीत वायर निघताच व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड किंवा गाडीतला संगणक जळू शकतो. तरीही ही परीक्षा घेणारे वाकबगार लोक अजून भेटतात. मंडळी, हे कधीही करू नका, कोणाला करू देऊ नका.

माझी एक भाची दर आठवड्याला आपल्या आईला उपचारांसाठी साताऱ्याहून पुण्याला घेऊन जाते. दीड वर्षात तिची दुसरी बॅटरी गेली. तिसरी घ्या, असे गॅरेजमधून सांगण्यात आले. एका पावसाळी संध्याकाळी परतताना खंबाटकी घाटात हेडलाइट पिवळे पडले, वायपर रेंगाळू लागले. शेजारच्या सीटवर थकलेली आई. गाडी बंद पडली नाही हे नशीब. "मामा, बॅटरीचे पैसे गेले ते गेले, पण आता रात्री ही गाडी काढायची भीती वाटते," ती म्हणाली.

माझ्याकडे काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आहे. रविवारी तो घेऊन आम्ही दोघे बसलो. काय पाहिले ते क्रमाने सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिले, गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीचे व्होल्टेज. बॅटरीत सहा खाने, प्रत्येकाचे साधारण 2.1, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. तिची निघाली 12.1. दुसरे, सेल्फ मारताना काटा किती घसरतो. भरलेली बॅटरीही 10 च्या बरीच खाली गेली तर ती दुबळी समजावी. तिसरे, इंजिन चालू असताना. साधारण 13.8 ते 14.5 हवे, 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आणि बॅटरी उकळणार. तिची 13.9. सगळे ठीक!

गॅरेजमध्ये बहुधा इथेच थांबत असावेत. आम्ही चौथी पायरी केली. हेडलाइट, पंखा, वायपर सगळे चालू केले. व्होल्टेज 12.4 वर आले आणि उतरतच राहिले. इंजिन बंद करून पट्टा पाहिला तर सैल, आणि आतून काचेसारखा गुळगुळीत. ओझे पडले की पट्टा घसरायचा आणि अल्टरनेटर पुरता फिरायचाच नाही.

अशी बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली की तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती खरोखरच मरते. म्हणूनच "बॅटरी गेली" हा निकाल दर वेळी खरा वाटतो. गेलेली असतेच ती, पण तिला मारले कोणी, हे कोणी विचारत नाही! नवा पट्टा बसवल्यावर सगळे दिवे लावूनही 13.7 मिळाले. बॅटरी बाहेर काढून चार्ज केली, आणि तीच अजून चालू आहे.

दोन सूचना. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी किंवा सिगारेट नको. वायर काढायची तर इंजिन बंद करून आधी ऋण बाजूची, लावताना ती शेवटी. आणि काही नव्या गाड्यांत संगणक स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकदाच आकडा पाहून निष्कर्ष काढू नका.

गंमत म्हणजे केटरिंग यांच्या सेल्फने मागे पडलेली विजेची मोटार आता परत आली आहे. तिच्यात अल्टरनेटर नाही, पण दिवे आणि संगणकासाठी 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि अनेक गाड्यांत ती अजून प्लांते यांच्या शिशाचीच असते. तीही मरते, आणि तेव्हाही लोक तेच म्हणतात.

असो. भाचीने स्वतःसाठी मीटर घेतला आहे आणि आता दर महिन्याला मला फोनवर आकडे कळवते. तुमच्या गाडीचे आकडे काय येतात तेही जरूर कळवा. तपासून गुण द्यायला मी बसलोच आहे!