बुडीत गावातल्या खुर्च्या

गेले दोन महिने आमच्या भावकीत एकच विषय चालू आहे. गावाकडच्या घरात दोन जुन्या खुर्च्या आहेत, त्यांचं काय करायचं? पुण्याच्या चुलतभावाने नवीन फ्लॅट घेतलाय, त्याला हॉलमध्ये काहीतरी 'अँटिक' हवंय. एका व्यापाऱ्याने नुसते फोटो पाहून भाव सांगितला. धाकट्या काकूंचं म्हणणं, वाळवी लागायच्या आत विकून मोकळे व्हा. आणि सगळे मला फोन करून विचारतात, "ताई, तुला जुन्या लाकडातलं कळतं, जुनी खुर्ची घेताना बघायचं काय?" सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पण नुसतं लाकूड आणि पॉलिश सांगून भागणार नाही. आमच्या भागात खुर्ची आली कशी, ते आधी बघायला हवं.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्यावरचं. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव पाण्याखाली आहे.

तसं पाहिलं तर खुर्ची ही आपली वस्तूच नव्हे. शब्दसुद्धा अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आलेला. आपली बैठक जमिनीवरची. पाहुणा आला की घोंगडी अंथरायची, त्यातल्या त्यात मोठा असला तर जाजम आणि लोड. जेवायला पाट, झोपायला बाज. वाड्याच्या ढाळजेत बसून हिशेब लिहिणारा कारकूनसुद्धा मांडी घालून, पुढ्यात बैठं मेज घेऊन लिहायचा. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात शेणाने सारवलेल्या गार जमिनीइतकी चांगली बैठक दुसरी नाही, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

मग खुर्ची आली कुठून? माझ्या मते आमच्या भागापुरतं उत्तर सोपं आहे. कचेरीतून आणि आगगाडीतून. जी. आय. पी. रेल्वेचा पुण्याहून डिकसळपर्यंतचा फाटा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. डिकसळ म्हणजे भीमेचा अलीकडचा काठ. तिथून नदी ओलांडून गाडी २३ ऑक्टोबर १८५९ रोजी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली आणि जून १८६० मध्ये सोलापूरला. नदीकाठच्या गावांना स्टेशनं मिळाली. स्टेशन म्हटलं की स्टेशनमास्तर आला, आणि मास्तर म्हटला की टेबल-खुर्ची आली. प्रवाशांच्या खोलीत वेताच्या पाठीची, लांब हातांची आरामखुर्ची आली. गावच्या सुताराने ती पाहिली की तशी करायला त्याला वेळ लागत नसे. लाकूड, हत्यारं, हात सगळं होतंच, फक्त नमुना हवा होता.

गंमत बघा. ज्या १८५९ साली गाडी भीमा ओलांडून आली, त्याच साली तिकडे ऑस्ट्रियात मिखाएल थोनेट नावाच्या सुताराने आपली १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. वाफेवर लाकूड मऊ करून वाकवायचं ही त्याची युक्ती. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, संपली खुर्ची. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, त्यामुळे बोटीने, गाडीने कुठेही पाठवता यायच्या. १८६९ मध्ये त्याचा एकाधिकार संपल्यावर इतर कारखान्यांनीही त्या बनवायला घेतल्या. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे ज्या गोल बुडाच्या, वाकवलेल्या पाठीच्या काळ्या-तपकिरी खुर्च्या आपण पाहिल्या, त्या याच घराण्यातल्या. आमच्या दोन खुर्च्यांतली एक अशी आहे. आजोबांचे थोरले भाऊ पुण्याला नोकरीला होते, त्यांनी ती आणली असं घरात सांगतात. दुसरी मात्र सागवानी, हातांची, वेताने विणलेली आणि गावच्याच सुताराच्या हातची.

आता या हातांच्या खुर्चीविषयी थोडं कडू बोलायचंय. वडीलधाऱ्यांनी रागावू नये.

ही खुर्ची बसायला नव्हतीच, दाखवायला होती. मामलेदार, सर्कल, फौजदार आला की ती सोप्यात यायची, गेला की पुन्हा आत. गावात कोण खुर्चीवर बसणार, कोण घोंगडीवर, कोण पायरीवर आणि कोण अंगणात उभा राहणार, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रज अधिकारी 'कुर्सीनशीन' असल्याचा दाखला द्यायचे. साहेबापुढे खुर्ची मिळण्याचा मान, तोही कागदावर! आपल्याकडे दाखल्याचीही गरज नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसण्याची जागा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांचं वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने गेलं. खुर्च्या मात्र त्यांच्या त्यांच्या सोप्यात राहिल्या.

आणि घरातल्या बायका? आमची आजी त्या खुर्चीवर बसल्याचं कुणालाच आठवत नाही. शिंक्यावरचं काही काढायचं असलं की ती तिच्यावर चढायची, एवढाच तिचा आणि खुर्चीचा संबंध. बसायला तिला जोत्याची कड पुरायची.

मग धरण आलं. १९६६ मध्ये उजनीचं काम सुरू झालं, १९८० मध्ये पुरं झालं. भीमेचं पाणी अडलं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा-माढ्यापासून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-दौंडपर्यंत आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतपर्यंत पसरलं. नाव यशवंतसागर, साठा सुमारे ११७ टीएमसी. रेल्वेचा मार्गसुद्धा हलवावा लागला. डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढे मोटारींच्या वाहतुकीसाठी वापरात आला. पळसदेवचं देऊळ, कुगावचा इनामदारांचा वाडा पाण्यात गेला. २०१३ आणि २०२४ सारख्या कोरड्या उन्हाळ्यांत ते वर डोकावले की लोक होडीने बघायला जातात, फोटो काढतात. आमच्यासारख्यांना मात्र त्या फोटोंत नसलेली घरंसुद्धा दिसतात.

महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये, धरणाचं काम सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर. नुकसानभरपाईचा हिशेब व्हायचा १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याच्या लेखी जमीन म्हणजे जमीन आणि जमिनीला जखडलेल्या गोष्टी, म्हणजे घर, विहीर, झाड. पेटी, पाळणा, जातं, खुर्ची या उचलून नेता येणाऱ्या वस्तू, त्या त्या यादीत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. ज्याची किंमत सरकारने केली ते पाण्यात गेलं, आणि ज्याची किंमत कुणीच केली नाही तेवढं आपल्याबरोबर आलं.

लोकांनी दारं, चौकटी, तुळया, खांब उपसून काढले आणि बैलगाडीने, मिळेल त्या ट्रकने नव्या गावठाणात आणले. तिथे सुरुवातीला पत्र्याची शेड. त्यात खुर्ची ठेवणार कुठे? कुणी चुलीत घातली, कुणी धान्याच्या बदल्यात दिली, कुणी जुन्या बाजारवाल्याला विकली. पुढे पाणी शेतात आलं, ऊस आला, केळी आली, पैसा आला, स्लॅबची घरं झाली. मग सोफासेट आला आणि उरल्यासुरल्या खुर्च्या गोठ्यात गेल्या. त्यानंतर आली प्लॅस्टिकची खुर्ची. तिला हसू नका. आमच्या गावात सगळे एकाच उंचीवर बसले ते तिच्यामुळे. लग्नाच्या मांडवात कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय यावरून आता काही कळत नाही, आणि हे फार चांगलं झालं.

असो. आता कामाचं.

जुनी खुर्ची बघायला गेलात तर आधी तिच्यावर बसा. पाच मिनिटं, गप्प. पाय जमिनीला टेकतात का, पाठ कुठे लागते ते बघा. बैठकीची उंची सोळा ते अठरा इंच असेल तर जेवणाच्या टेबलाशी चालेल. आरामखुर्ची त्याहून खाली असते, तिच्यातून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठता येईल का, हे दुकानातच विचारात घ्या. मग दोन्ही हातांनी धरून कर्णावर हलवा. सांधे सैल असतील तर घाबरू नका, खोबणीत बसवलेले जुने सांधे सोडवून पुन्हा चिकटवता येतात. पण कुणी त्यात लांब खिळे ठोकले असतील तर लाकूड आतून फाटलेलं असण्याची शक्यता फार.

नंतर खुर्ची उलटी करा. खरी कुंडली बुडाखाली असते. तिथे पॉलिश नसतं, त्यामुळे लाकूड उघडं दिसतं. साग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट. शिसव जड आणि गडद. बारीक भोकं आणि खाली पडणारी पिठासारखी भुकटी दिसली तर कीड अजून जिवंत आहे. वाकवलेल्या लाकडाची खुर्ची असेल तर बुडाच्या कड्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचा छाप किंवा कागदाचा तुकडा शोधा. मात्र नुसत्या छापावर भुलू नका, छाप नवा मारता येतो. झीज बघा. खऱ्या जुन्या खुर्चीचे हात जिथे तळवा टेकतो तिथेच गुळगुळीत होतात, आणि पुढची आडवी पट्टी जिथे पाय टेकतात तिथेच झिजते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपरची करामत.

वेत बघताना चौकटीच्या कडेला ओळीने भोकं आहेत का पाहा. भोकं असतील तर विणकाम हाताचं. भोकांऐवजी सलग खाच आणि तिच्यात दाबलेली पट्टी असेल तर तयार विणलेली जाळी बसवलेली आहे. जाळी वाईट नव्हे, पण किंमत हाताच्या विणीची देऊ नये. हे विणकाम अंधशाळांतून शिकवलं जात आलंय आणि कित्येक अंध कारागिरांनी त्यावर संसार केलेत. वेत फाटलाय म्हणून खुर्ची टाकू नका, असा माणूस शोधा. आणि कृपा करून जुनं लाखेचं पॉलिश खरवडून चकचकीत मेलामाइन मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, थोडं मेण लावा, बास.

हे झालं वस्तूचं. पण आमच्या भागातली खुर्ची घेणार असाल तर आणखी एक विचारा. ही कुठल्या घरातली? व्यापारी 'राजवाड्यातली' म्हणेल. राजवाडे इतके नव्हतेच हो! ती बहुधा कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमधून, कुणाच्या तरी अडचणीच्या दिवसांत बाहेर पडलेली असते. म्हणून घेऊच नये असं मी म्हणत नाही. गोठ्यात कुजण्यापेक्षा तुमच्या हॉलमध्ये बरी. पण गावाचं नाव कळलं तर ते लिहून ठेवा, कारण ते गाव आता बघायला जाता येत नाही.

आमच्या दोन खुर्च्यांबाबत माझं मत मांडते, मग भावकीने ठरवावं. इराणी खुर्ची पुण्याला जाऊ दे. ती पुण्याहूनच आली होती, आणि चुलतभावाच्या मुली तिच्यावर रोज बसतील. सागवानी मात्र विकू नये आणि शोकेसमध्येही ठेवू नये. वेत नवा विणून ती गावातच, ओसरीवर ठेवावी आणि येईल त्याला, विशेषतः येईल तिला, बसू द्यावं. दर महिन्याला भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी अजून पायरीवर बसतात, त्यांच्यापासून सुरुवात करावी. इतकी वर्षं जी दाखवण्यासाठी होती, ती आता बसण्यासाठी असू दे.

आणि दोन्ही खुर्च्यांच्या बुडाखाली, पेन्सिलीने का होईना, जुन्या गावाचं नाव लिहायचं आहे. सुताराचं नाव मोठ्या आत्यांना आठवत असेल तर त्यांनी फोनवर सांगावं. या दिवाळीच्या आत, म्हणजे वेतवाल्याकडे देण्याआधी लिहून होईल.