देव राजाच्या अंगातून निघाला तेव्हा

1837 सालचा नोव्हेंबर. तुम्ही फुतुनाच्या किनाऱ्यावर उभे आहात. फिजीच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात एकटं पडलेलं हे बेट जेमतेम 46 चौरस किलोमीटरचं. मधोमध पुके नावाचा 524 मीटर उंचीचा डोंगर आणि अरुंद खाडीपलीकडे अलोफी हे धाकटं बेट. कोकणातून आलेल्या माणसाला इथं फार परकं वाटू नये. ओढ्याकाठी अळूची खाचरं आहेत, घरामागे नीरफणस, किनाऱ्याला नारळ. अंगणात मात्र डुकरं मोकळी फिरतात.

एका गलबतातून दोन फ्रेंच माणसं उतरली आहेत. एक चौतीस वर्षांचे धर्मगुरू, पियेर शानेल. दुसरे त्यांचे सहकारी, मारिस्ट या कॅथलिक मिशनरी संघाचे ब्रदर मारी-निझिए. दोघांनाही इथली भाषा येत नाही. आलो राज्याचा राजा निउलिकी त्यांना राहायला जागा देतो, अन्न देतो. राजाने आसरा दिला म्हटल्यावर त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे गावात कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

राजा म्हणजे इथं काय, हे समजून घ्यायचं तर कावाच्या बैठकीला बसा. मागे बसा, बोलू नका. तरुण मंडळी कावाची मुळं चावून चावून मऊ करतात आणि लाकडी परातीत टाकतात. त्यावर पाणी ओततात. झाडाच्या सालीच्या धाग्यांची जुडी परातीत फिरवून चोथा उचलतात, पिळतात, पुन्हा फिरवतात. शेवटी मातकट पाणी उरतं. मग पुकारा करणारा एकेक नाव घेतो आणि त्या क्रमाने करवंटी फिरते. आधी कुणाला, नंतर कुणाला, यात बेटाची सगळी राज्यघटना आहे. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याची नजर पेयावर नाही. तो पुकाऱ्याकडे कान लावून बसला आहे. एक नाव मागेपुढे झालं तर भांडण, आणि भांडण वाढलं तर लढाई.

निउलिकीला जो मान आहे तो नुसता माणसाचा नाही. फाकावेलिकेले हा बेटाचा थोर देव राजाच्या देहात वस्तीला असतो, अशी इथली श्रद्धा आहे. पीक येतं ते त्याच्यामुळे, वादळ येतं तेही त्याच्या कोपामुळे. म्हणून राजाचं अंग, राजाची जागा, राजाचं अन्न सगळंच सोवळ्यातलं. आता विचार करा, या माणसाच्या अंगणात राहून, त्याचंच अन्न खाऊन, कुणीतरी हळूहळू सांगू लागतो की देव एकच आहे आणि तो या देहात राहत नाही.

शानेलना भाषा शिकायला वेळ लागतो. तोवर ते आजाऱ्यांपाशी बसतात, मरणपंथाला लागलेल्या मुलांना बाप्तिस्मा देतात. ऑगस्ट 1839 मध्ये आलो आणि सिगावे ही बेटावरची दोन राज्यं एकमेकांवर तुटून पडतात. निउलिकी जिंकतो, सगळ्या बेटाचा राजा होतो. शानेल जखमींची मलमपट्टी करतात. लोक त्यांना चांगल्या मनाचा माणूस म्हणून ओळखू लागतात. पण ख्रिस्ती व्हायला फारसं कुणी पुढे येत नाही. साडेतीन वर्षांत पदरात पडलं ते इतकंच.

आणि तरीही राजाला कळून चुकलं आहे. पाहुणा भाषा बोलू लागला तसा राजाकडून येणारा शिधा आटला. शानेल स्वतः कुदळ घेऊन मळा करतात, तर मळ्यातलं पीक पळवलं जातं. मिशनरी चरित्रांत निउलिकी बहुधा खलनायक असतो. मला तो तसा वाटत नाही. त्या बेटावर या शिकवणुकीचा अर्थ नीट समजलेला पहिला माणूस तोच होता. ख्रिस्त हा नवा राजा खरा असेल तर निउलिकीचं स्वतःचं शरीर रिकामं होणार होतं. इतका थेट, इतका जिवावरचा प्रश्न ख्रिस्ताच्या राजेपणाने आपल्यापैकी किती जणांपुढे टाकला आहे?

एप्रिल 1841. बातमी फुटते ती राजाच्याच घरातून. त्याचा मुलगा मेइताला ख्रिस्ती व्हायचं म्हणतो. आता गोष्ट पाहुण्याची राहिली नाही, गादीची झाली.

28 एप्रिलच्या सकाळी तुम्ही फुतुनावरच्या पोई गावात आहात. ब्रदर मारी-निझिए बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेले आहेत. शानेल झोपडीपाशी एकटेच. राजाचा जावई मुसुमुसू येतो. त्याआधी त्याच्या टोळीने मेइतालाला आणि नव्या शिकवणीकडे वळलेल्यांना झोडपलं आहे, हे शानेलना अजून ठाऊक नाही. मुसुमुसू म्हणतो, लागलंय, औषध द्या. शानेल औषध आणायला आत वळतात. इतर माणसं घरात घुसतात, सामान बाहेर फेकू लागतात. पहिला सोटा हातावर बसतो, पुढचा डोक्यावर. शानेल खाली बसतात, चेहऱ्यावरचं रक्त पुसतात. बाकीच्यांचं लक्ष आता कपड्यांवर आणि भांड्यांवर आहे. शेवटचा घाव मुसुमुसू घालतो, लाकूड तासायच्या हत्याराने.

थांबा इथं थोडं. तुम्ही ज्या धर्मग्रामातून आला आहात तिथं ख्रिस्तराजाच्या मूर्तीच्या डोक्यावर सोनेरी मुकुट असतो, हातात राजदंड. इथं समोर आहे तो औषध शोधता शोधता मारला गेलेला माणूस. त्याच्यामागे सैन्य नव्हतं, त्याला वाचवायला फ्रेंच जहाज आलं नव्हतं. नंतर 1842 च्या जानेवारीत आलं ते अवशेष न्यायला. पुढे काय झालं हे सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर, आपल्याकडेही, क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरले. फुतुनावर क्रूस आधी एकटा उतरला.

निउलिकी काही महिन्यांत आजाराने गेला. 1842 मध्ये महागुरुस्वामी पोंपालिए नवे धर्मगुरू घेऊन बेटावर आले, तेव्हा लोक स्वतःहून बाप्तिस्म्याला पुढे येत होते. दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळं बेट कॅथलिक झालं. मुसुमुसूही. मरताना त्याने सांगितलं, मला चर्चच्या वाटेवर पुरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय माझ्यावरून जाऊ देत, अशी आठवण तिथं सांगतात.

आणि राजे? राजे राहिले. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फुतुनाने गादी मोडली नाही. गादीवरचा माणूस माणूस केला. कावाची परात राहिली, पुकारा राहिला, मानाचा क्रम राहिला. फक्त देव त्या देहातून निघाला.

सरळ रेषेत मात्र काहीच गेलं नाही. ईशान्येला सुमारे 230 किलोमीटरवर वॉलिस बेट आहे. त्याचीही हीच श्रद्धा, हाच मारिस्ट संघ. तिथं महागुरुस्वामी बातायों यांचा दरारा राजापेक्षा मोठा झाला. दगडी चर्च उभी राहिली ती लोकांच्या राबण्यावर. राणी अमेलियाच्या काळातल्या कायद्यावर मिशनचा हात स्पष्ट दिसतो. 1887-88 मध्ये वॉलिस, आलो आणि सिगावे ही तिन्ही राज्यं फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेली, त्यामागेही मिशनचा आग्रह होता. राजाच्या देहातून देवाला बाहेर काढणाऱ्यांनी तीच खुर्ची हळूच स्वतःकडे ओढावी, ही चूक होती. ख्रिस्ताच्या नावाने राज्य करणं आणि ख्रिस्ताला राज्य करू देणं यांत जे अंतर आहे, ते वॉलिसच्या त्या काही दशकांत नजरेआड झालं.

आता रोममध्ये या, 11 डिसेंबर 1925. पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण जाहीर केला आहे. महायुद्धात रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाचे सम्राट गेले. इटलीत मुसोलिनी सत्तेवर आहे. कुठलीही सत्ता शेवटची नाही, हे युरोपला बजावायचं होतं. फुतुनाला ते एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, आणि ते कळण्याची किंमत काय असते हेही. सुरुवातीला ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असलेला हा सण 1969 च्या सुधारणेनंतर उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी आला. तीन वर्षांच्या चक्रात त्या दिवशी वाचली जाणारी शुभवर्तमानं बघा. एका वर्षी पिलातापुढे बांधून उभा केलेला कैदी. एका वर्षी क्रूसावर दोन गुन्हेगारांच्या मधोमध खिळलेला. आणि एका वर्षी न्यायासनावरचा राजा, जो लोकांना एवढंच विचारतो की मी उपाशी होतो तेव्हा तुम्ही कुठं होता.

2010 मध्ये या. जानेवारीत आलोच्या राजाला कुळप्रमुखांच्या दबावापुढे पायउतार व्हावं लागलं. 1837 मध्ये असं कुणी मनात तरी आणलं असतं का? देव ज्याच्या अंगात आहे त्याला उठ म्हणता येत नाही. माणसाला म्हणता येतं, रागावून, वाद घालून, पण म्हणता येतं. ख्रिस्ताला राजा मानण्याचा राजकीय अर्थ या बेटापुरता मला इथं दिसतो. त्याच वर्षी मार्चमध्ये टोमास वादळाने फुतुनाची घरं आणि अळूची शेती झोपवली. ते राजाच्या देहातल्या देवाच्या कोपामुळे आलं, अशी भीती आता कुणाच्या डोक्यावर नव्हती. लोक घरं बांधायला लागले.

शेवटी आजच्या पोईला या, 28 एप्रिलला. बेटावर सुमारे 3 हजार माणसं. बरीच तरुण मंडळी न्यू कॅलेडोनियाला पोटामागे गेलेली. पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणाऱ्या मनोऱ्याची बॅसिलिका भरली आहे. 1977 मध्ये फ्रान्सहून परत आलेले शानेलचे अवशेष इथं आहेत. 1954 मध्ये त्यांना संतपद मिळालं. मिस्सेला आलोचे आणि सिगावेचे मानकरी बसले आहेत. मिस्सा संपते, चटया अंथरल्या जातात, भाजलेली डुकरं आणि कंदांच्या टोपल्या ओळीने मांडल्या जातात, कावाची परात येते. पुकारा होतो. आणि मग वाटणी होते, घरोघर. मानाचा वाटा आधी, हे खरं. पण माझं लक्ष टोपल्यांवर असतं. आलेलं सगळं वाटून टाकायचं असतं, राजाच्या कोठारात साठवायचं नसतं. ख्रिस्तराजाबद्दल एवढं नेमकं प्रवचन मला कुठल्या व्यासपीठावरून ऐकायला मिळालेलं नाही.

संत पियेर शानेलची स्मृती फुतुनापुरती नाही. रोमन उपासना-पंचांगात 28 एप्रिलला त्यांची ऐच्छिक स्मृती आहे, म्हणजे वसईत, गोव्यात, मुंबईतही त्यांच्या नावाने मिस्सा अर्पण करता येते. तुमच्या धर्मग्रामात ती होत नसेल, तर पुढच्या एप्रिलच्या आधी फादरांना एकदा विचारा.