मध्ययुगीन इंग्लंडांतील सरदार घराण्यांचे विवाहसंबंध व त्यांचीं साधनें

गांवोगांवच्या चर्चमध्यें वही ठेवून तींत विवाहांची नोंद करावी, असा हुकूम इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत थॉमस क्रॉमवेल यानें इ. स. १५३८ सालीं काढला. त्यापूर्वीं अमक्या सरदाराचें अमक्या मुलीशीं अमुक दिवशीं लग्न लागलें असें सांगणारें नियमित दप्तर त्या देशांत नव्हतें. असें असूनही बाराव्या शतकापासूनच्या थोर घराण्यांच्या वंशावळी विवाहांसह छापलेल्या आढळतात. या विवाहांस आधार कोणता, हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ वर्षें घोळत होता. करीने, महजर व जुन्या वंशावळी चाळण्यांत ज्यांचा काळ जातो अशा वाचकांस त्याचें उत्तर उपयोगी वाटेल असें समजून तें येथें मांडीत आहों.

लग्नाचें दप्तर नव्हतें, पण लग्नाबरोबर जमिनीचा धनी बदलत असे व जमिनीचें दप्तर होतें. राजाकडून जमीन धारण करणारा सरदार अज्ञान वारस मागें ठेवून वारला म्हणजे ती जमीन आणि त्या वारसाचें लग्न जुळविण्याचा हक्क हीं दोन्हीं राजाकडे जात. विधवेस पुन्हा लग्न करावयाचें तरी राजाची अनुमति लागे. हा हक्क राजा विके, बक्षीस देई किंवा कर्जापोटीं सोडी. इ. स. ११८५ सालीं दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनीं बारा परगण्यांतील अशा विधवांची व अज्ञान वारसांची यादी तयार केली. तींत बाईचें वय, मुलांची संख्या, जमिनीचें उत्पन्न, शेतावरील गुरेंमेंढरेंदेखील लिहिलीं आहेत. वंशावळीच्या अभ्यासकास ती सोन्याची खाण आहे. परंतु ती वाचतांना आपण माणसांची यादी वाचीत आहों कीं बाजारांतील मालाची, असा भ्रम पडतो.

किंमतही थोडी नसे. जॉन राजानें आपली टाकलेली राणी ग्लॉस्टरची इझाबेला हिचें लग्न इ. स. १२१४ सालीं जेफ्री द मँडव्हिल याच्याशीं लावून दिलें, आणि त्याबद्दल त्याच्याकडून २०,००० मार्क घेण्याचें ठरविलें. मार्क म्हणजे पौंडाचा दोनतृतीयांश. पुढल्याच वर्षीं जॉनकडून जी मोठी सनद सरदारांनीं लिहवून घेतली, तींत वारसाचें लग्न हलक्या कुळांत लावूं नये आणि विधवेवर लग्नाची सक्ति करूं नये अशीं कलमें आहेत. ती सनद पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास नेमलेल्या पंचवीस सरदारांत हा जेफ्री होता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

दुसरें साधन तडजोडपत्रांचें. जमिनीच्या वादाचा निकाल एकाच चर्मपत्रावर तीन वेळां लिहीत. नंतर तें नागमोडी रेषेनें कापून दोन तुकडे दोन पक्षांस देत व तळचा तुकडा सरकारांत ठेवीत. इ. स. ११९५ पासून हे तळचे तुकडे राखून ठेवण्याची पद्धत पडली. कोणी बनावट प्रत पुढें आणली तर तिची कड तळच्या तुकड्यास जुळत नसे. बायकोच्या माहेरच्या जमिनीचा व्यवहार असला म्हणजे त्यांत 'अमका व त्याची पत्नी अमकी' असा उल्लेख हटकून येई. त्यावरून लग्नाचा दिवस कळत नाहीं. त्या दिवसापूर्वीं लग्न झालेलें होतें व त्या दिवशीं दोघेंही हयात होतीं, इतकेंच कळतें. पण इतकें कळणें म्हणजे पुष्कळ झालें.

तिसरें व सर्वांत भरघोस साधन म्हणजे सरदार वारल्यावर होणारी चौकशी. तेराव्या शतकांत तिसऱ्या हेन्रीच्या वेळेपासून हे कागद मिळूं लागतात. स्थानिक पंच शपथेवर सांगत कीं मृताची जमीन किती, तो कोणत्या दिवशीं वारला, वारस कोण व त्याचें वय काय. येथें दोन ठिकाणीं पाय घसरतो. 'तीस वर्षें व अधिक' असें वय लिहिलें असेल तर त्याचा अर्थ वारस सज्ञान आहे एवढाच समजावा. आणि या कागदांत जी विधवा येते ती वारसाची आई असेलच असें नाहीं. वारसाची आई आधींच वारलेली असे, विधवा ही दुसरी किंवा तिसरी पत्नी असे. आणि पुढचे वंशावळकार तिलाच आई करून मोकळे होत. सोळाव्या व सतराव्या शतकांत राजाचे चिन्हाधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत, त्यांत हा दोष पदोपदीं दिसतो. घरच्या मंडळींनीं सांगितलें तें त्यांनीं लिहिलें, व छापणारांनीं तें प्रमाण मानलें. मूळ कागदांत नसलेली सासू अशा रीतीनें चार पिढ्यांवर येऊन बसते.

वारस सज्ञान झाला कीं नाहीं याचीही चौकशी होई. ती वाचून आपल्याकडील महजरांची आठवण येते. साक्षीदार सांगतो: त्या मुलाचा नामसंस्कार झाला त्याच दिवशीं मी घोड्यावरून पडून माझा पाय मोडला, दुसरा म्हणतो, त्याच दिवशीं माझें घर जळालें. पहिल्या वाचनास या साक्षी मोठ्या जिवंत वाटतात. परंतु निरनिराळ्या परगण्यांतील कागद शेजारीं ठेवून पाहतां तेच मोडलेले पाय व तींच जळालेलीं घरें पुन्हा पुन्हा येतात, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तेव्हां त्यांतील बराच भाग कारकुनांचा नमुना होता. आम्हांस हसण्याचा अधिकार नाहीं. शाळेंत नांव दाखल करतांना बापास दिवस आठवेना म्हणून आम्हीं स्वतः कित्येक मुलांची जन्मतिथि १ जून लिहिली आहे.

चौथें साधन धर्मपीठाचें. सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यांत विवाह निषिद्ध होता, ती मर्यादा इ. स. १२१५ च्या लॅटरन येथील चौथ्या धर्मसभेनें चार पिढ्यांवर आणली. मिताक्षरा पढलेल्यांस पित्याकडून सात व मातेकडून पांच हा सापिंड्याचा नियम येथें आठवेल. मात्र मिताक्षरेंत मूळपुरुष धरून मोजतात, तिकडे तो वगळून. सरदार घराणीं मूठभर, त्यांच्या सोयरिकी आपसांत; चार पिढ्यांच्या बाहेर वधू मिळणें कठीण. म्हणून पोपची सूट मागावी लागे, व त्या सुटीच्या पत्रांत नातें कसें आहे तें लिहावें लागे. तेराव्या लिओनें व्हॅटिकनचें दप्तर इ. स. १८८१ सालीं अभ्यासकांस खुलें केल्यावर या नोंदी हातीं येऊं लागल्या.

केंटची जोन हिची हकीकत मुख्यतः याच दप्तरावरून उलगडते. ती पहिल्या एडवर्डची नात. इ. स. १३४० च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षीं, तिनें टॉमस हॉलंड नांवाच्या सामान्य स्थितींतील योद्ध्याशीं गुप्तपणें वचनें देऊन विवाह केला. तो मोहिमेवर गेला असतां घरच्यांनीं तिचें लग्न विल्यम मॉन्टेग्यू याच्याशीं थाटानें लाविलें. हाच पुढें सॅलिस्बरीचा अर्ल झाला. हॉलंड कांहीं वर्षें गप्प राहिला. इ. स. १३४६ सालीं कां येथें एका फ्रेंच सरदारास पकडून त्याची खंडणी राजास विकल्यावर त्याच्या हातीं पैसा आला, आणि मग त्यानें सहाव्या क्लेमेंट पोपकडे दाद मागितली. साक्षीदार व पुरोहित नसतांही उभयतांच्या संमतीनें दिलेलें वचन बंधनकारक असे, म्हणून इ. स. १३४९ च्या नोव्हेंबरांत निकाल हॉलंडच्या बाजूनें लागला. थाटाचें लग्न रद्द, गुप्त लग्न खरें! हॉलंड इ. स. १३६० सालीं वारल्यावर तिनें युवराज एडवर्डशीं पुन्हा गुप्तपणेंच लग्न केलें. ती मूळपुरुषापासून दुसऱ्या पिढींत, तो तिसऱ्या. शिवाय तो तिच्या मुलाचा धर्मपिता. म्हणून पोपची सूट आणवून इ. स. १३६१ च्या ऑक्टोबरांत विंडसर येथें उघड विवाह झाला. त्यांचा मुलगा दुसरा रिचर्ड. क्लेमेंटचा निकाल उलट लागता तर रिचर्डच्या औरसत्वास बाध आला असता, कारण मॉन्टेग्यू तोंवर जिवंत होता, तो इ. स. १३९७ पर्यंत जगला.

आतां ज्या प्रकरणानें आम्हांस हा लेख लिहावयास लाविलें त्याकडे वळतों. रिचर्डचा चुलता जॉन ऑफ गाँट यास कॅथरिन स्विनफर्ड हिच्यापासून विवाहापूर्वीं चार मुलें झालीं. त्यांस बोफोर्ट म्हणत. इ. स. १३९६ सालीं त्यानें तिच्याशीं लिंकन येथें विवाह केला, पोपनें तो मान्य केला, आणि इ. स. १३९७ च्या फेब्रुवारींत रिचर्डनें पार्लमेंटच्या संमतीनें सनद देऊन या मुलांस औरस ठरविलें. पुढें गाँटचाच औरस मुलगा चौथा हेन्री यानें इ. स. १४०७ सालीं ती सनद नव्यानें करून दिली. तींत 'राजपद खेरीज करून' या अर्थाचे तीन लॅटिन शब्द आहेत.

बोफोर्टांस आरंभापासून राजपदाचा हक्क नव्हता असें आम्ही तीसएक वर्षें वर्गांत शिकवीत आलों. क्रमिक पुस्तकांत तसें होतें. निवृत्तीनंतर मूळ सनदांचे छापील उतारे पाहिले तेव्हां कळलें कीं पार्लमेंटच्या दप्तरांतील १३९७ च्या पाठांत ते शब्द मुळींच नाहींत. राजाच्या सनदांच्या दप्तरांत ते आहेत, पण ओळींत नव्हेत. ओळीच्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेंत. आपल्या पोथ्यांत काकपद देऊन वर अक्षरें लिहितात तसाच हा प्रकार. ते शब्द मागाहून घातले असावेत, असें मूळ गुंडाळी पाहिलेल्या अभ्यासकांनीं एकोणिसाव्या शतकांतच नमूद केलें आहे, आणि आम्हांस तें पटतें. पोथीवरील असा पाठ आम्ही डोळे झांकून घेतला नसता. छापील पुस्तकांतून आला म्हणून घेतला. आमच्या त्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं हें त्रैमासिक वाचतात; त्यांनीं आपल्या जुन्या वह्यांतील तें वाक्य दुरुस्त करून घ्यावें.

इ. स. १४८५ सालीं तिसऱ्या रिचर्डनें जाहीरनामा काढून बोफोर्ट हे दुहेरी व्यभिचारांतून जन्मले, म्हणजे त्या वेळीं कॅथरिनचाही पति हयात होता, असा आरोप केला. तिचा पति ह्यू स्विनफर्ड इ. स. १३७१ च्या नोव्हेंबरांत वारला, व थोरला बोफोर्ट त्यानंतरचा, असें सामान्यतः मानतात. तसें असल्यास आरोपाचा निम्मा भाग गळून पडतो. त्याच वर्षीं बॉस्वर्थच्या लढाईंत रिचर्ड पडला व बोफोर्टांच्या मुलीचा मुलगा सातवा हेन्री गादीवर आला. त्याला राजपद देणाऱ्या पार्लमेंटच्या ठरावांत त्याच्या वंशाचा उलगडा मुद्दामच केलेला नाहीं. परंतु पुढच्या जानेवारींत यॉर्कच्या एलिझाबेथशीं त्याचें लग्न ठरलें तेव्हां नातें सांगणें भाग पडलें. तीही गाँटच्या मुलीची, जोन बोफोर्टची, वंशज. पोपच्या प्रतिनिधीपुढें साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, व दोघेंही समान मूळपुरुषापासून चौथ्या पिढींत येतात असें ठरून सूट मिळाली. जॉन, सॉमरसेटचा ड्यूक जॉन, मार्गारेट, हेन्री. जोन, सेसिली, चौथा एडवर्ड, एलिझाबेथ. वाचकांनीं बोटांवर मोजून पाहावें, गणती बरोबर येते.